मानवतचा एक वेल्डर

आमच्या घरात मटण घराबाहेर शिजतं. आई माळकरी. तिनं माळ घातली तेव्हा मी सातवीत होतो आणि तेव्हापासून आमच्याकडं दोन स्वयंपाकघरं आहेत. आतलं तिचं आणि मागच्या अंगणातलं आमचं. अंगणात तीन दगडांची चूल, जर्मनचं एक पातेलं, एक पळी आणि चार ताटल्या. ही भांडी कधी उंबरा ओलांडत नाहीत. खाणं झालं की तिथंच राखेनं घासायची, कढत पाण्यानं धुवायची आणि दिवेलागणीच्या आत भिंतीला पालथी घालायची. तसलं भांडं खरकटं पडलेलं असताना आई देवापुढं दिवा लावत नाही. खाऊ नका असं ती आजवर कुणाला म्हणाली नाही, फक्त नाकाला पदर लावते आणि हरिपाठ जरा मोठ्यानं म्हणते.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर मी बराच काळ या रिवाजावर फोडत होतो. तो खोटेपणा होता. रिवाजानं फक्त एक पत्रा गंजला. बाकीचं सगळं मी केलं.

तीन वर्षांपूर्वी मला स्मोकरचं खूळ लागलं. मी परभणीत एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, दुपारनंतर हातात मोबाइल असतो, आणि मोबाइलमध्ये दाढीवाले धिप्पाड पुरुष लोखंडी पिंपात बोकडाची अख्खी रानं टाकून सहा-सहा तास धुरावर शिजवताना दिसतात. जाळ एका बाजूच्या पेटीत, मांस दुसरीकडं पिंपात जाळीवर, आणि मधून नुसता धूर फिरतो. मला ते फार उच्च वाटलं. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "चुलीपुढं बसून मी वीस वर्षं अशीच शिजायलेय. माझा कुणी व्हिडिओ काढला न्हाई."

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. नव्या वसाहतीत सगळे प्राध्यापक, बँकवाले, डॉक्टर. कुणाकडं झोपाळा, कुणाकडं कारंजं. आपल्या अंगणात असं काही असावं की लोकांनी विचारावं, हे काय आहे, हे कुठून आणलं? हे 'कुठून आणलं' लक्षात ठेवा. तिथंच मी घसरलो.

ते आणलं होतं मानवतहून, माझ्या दाजींकडून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी अकरावीला परभणीला आलो तेव्हा वडिलांनी एक खोली भाड्यानं घेतली आणि माझ्या भाकरी थापायला ताईला सोबत पाठवलं. तिची दहावी झाली होती, मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. दोन वर्षं ती त्या खोलीत स्टोव्हवर स्वयंपाक करायची आणि मी वाचत बसायचो. माझी बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. दाजींच्या वाट्याला जेमतेम दोन एकर कोरडवाहू आली होती. त्यांनी ती भावाला करायला दिली, वेल्डिंग शिकले आणि मानवतला मोंढ्याच्या रस्त्यावर दुकान टाकलं. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे फाळके, गेट, खिडक्या. काम असं की जोडलेली जागा बोटानं चाचपली तरी सापडू नये.

आमच्या घराला मात्र ते कधी पचलं नाही. शेतकऱ्याच्या पोरानं ठिणग्या उडवत बसायचं! धाकट्या बहिणीचे यजमान बँकेत आहेत. दिवाळीला दोघे जावई आले की बँकवाल्यांना पंख्याखालची खुर्ची मिळायची आणि दाजींना कुणीतरी म्हणायचं, "दाजी, बोअरची मोटार उचलंना झाली, जरा बगता का?" दाजी उठून बघायचे. हात तेलकट करून परत येईस्तोवर पहिली पंगत उठलेली असायची. मी हे पाहत होतो. वाईट वाटायचं, पण पंख्याखालची दुसरी खुर्ची माझी होती.

लग्नात दाजी मला 'अरे' म्हणायचे. कॉलेजात नोकरी लागली तसं 'सर' म्हणू लागले. मी एकदाही म्हटलं नाही, दाजी, नुसतं नावानं हाक मारा.

तर मी भंगारवाल्याकडून एक लोखंडी ड्रम उचलला आणि टेम्पोत घालून मानवतला नेला. दाजींनी आत डोकं घालून वास घेतला आणि ड्रम पायानं बाजूला ढकलला.

"सर, ह्यात फवारणीचं औषध व्हतं. ह्यात शिजवून कुणाला मारायलाव?"

मग त्यांनी नवा पत्रा आणला. तीन एमएमचा. एवढा जाड कशाला, मी विचारलं. म्हणाले, धूर आणि आच रोज खाणार, पातळ पत्रा दोन वर्षांत चाळण होतो. माझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांनी पंधरा-वीस वेळा पाहिला. बोली कळत नव्हती, पण हात कळत होते. बिजागरी कुठं, धुराडं किती उंच, जाळाच्या पेटीला हवेची खिडकी कशी सरकवायची, हे सगळं त्यांनी पाहून पाहून बसवलं. आठ दिवस दुकानाची कामं मागं ठेवून ते पिंपाला भिडले होते. हे मला ताईकडून कळलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पिंप आलं. पुढं टेम्पो, मागं मोटरसायकलवर दाजी आणि ताई. मागच्या अंगणात विटांवर ते उभं केलं. बाहेरून काळा रंग, आतून कोरा पत्रा. मी सकाळीच मटण आणून ठेवलं होतं. दाजींनी ते परत मागच्या पडवीतल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवायला लावलं. आज मांसाचं नाव काढायचं नाही, म्हणाले. आज पिंपाला शिकवायचं.

त्या दिवसासारखा दिवस मला परत मिळाला नाही. आधी त्यांनी आतला कारखान्याचा चिकटपणा साबणाच्या पाण्यानं धुऊन काढला. "हे पयलं अन् शेवटचं पाणी," मला बजावलं. उन्हात खडखडीत वाळू दिलं. मग घाण्यावरचं करडईचं तेल फडक्यावर घेऊन आतला कोपरान् कोपरा पुसला, जाळी, झाकण, बिजागरीच्या मागची फट, सगळं. मी भसकन तेल ओतायला लागलो तर हात धरला. "चमकलं पायजे, वघळलं न्हाई पायजे. वघळलं की चिकट व्हतंय, मग धूळ धरतंय." मग बाजूच्या पेटीत बाभळीचा जाळ. मी शेजारच्या कडुलिंबाच्या फांद्या तोडून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी कुंपणाबाहेर फेकल्या. लिंबाच्या धुरानं मटण कडू होतं म्हणे. रिकाम्या पिंपात चार तास आच ठेवली. पहिला तासभर रंगाचा आणि तेलाचा असा वास सुटला की आईनं घरातल्या खिडक्या धडाधड लावून घेतल्या. पांढरा दाट धूर हळूहळू पातळ, निळसर झाला. दाजी दर थोड्या वेळानं उठून हवेची खिडकी बोटभर सरकवत होते. संध्याकाळी पिंप आपोआप निवू दिलं. मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी तेच सगळं पुन्हा. दुसऱ्यांदा झाकण उघडलं तेव्हा आतला पत्रा तव्यासारखा काळा, गुळगुळीत झाला होता.

"सर, बगा," दाजी म्हणाले, "हे आतलं काळं मळ न्हाई. ह्ये ह्याचं कातडं हाय. वापरून झालं की गरम हाय तवरच तारेचा ब्रश मारायचा, तेलाचं फडकं फिरवायचं, बास. पाणी न्हाई, साबण न्हाई. अन् राख आत ठिवायची न्हाई, राख वल धरती अन् पत्रा खाती."

"कळलं," मी म्हणालो. मला खरंच कळलं होतं.

निघताना ताई मला फाटकाशी बाजूला घेऊन बोलली. दाजी मोटरसायकल काढत होते. ती कधी काही मागत नाही, म्हणून मला ते शब्द नीट आठवतात. "हे लय खुश हायेत बग. तुज्यासाठी कायतरी केलं म्हनून. आपल्या घरात त्यांना कुणी धरत न्हाई, मला कळतंय सगळं. तू तरी चार शिकल्या-सवरल्या लोकांत त्यांना आपलं म्हनत जा. मला दुसरं काय नको." मी म्हणालो, ताई, हे काय सांगायचं असतं का. ती हसली आणि मागं बसून गेली.

पहिल्यांदा कोंबडी केली ती दोन दिवसांनी, बुधवारी. काळा मसाला, लसूण, दही लावून रात्रभर ठेवलेली. तीन तास धूर. मुलांनी हाडं चोखून पांढरी केली. मी हात धुऊन खुर्चीत पसरलो होतो, इतक्यात मागच्या दारात आई आली. पदर नाकाला.

"त्ये आतून घासलं न्हाईस?"

"आई, ते घासायचं नसतं."

"घासायचं नसतं असं कुटं भांडं असतंय? तसलं सगळं लागलंय त्याला. तिन्हीसांज व्हायली. मी दिवा लावू का नको?"

मी सभागृहात प्राचार्यांशी तासभर वाद घालू शकतो. आईच्या दिव्यापुढं माझं काही चालत नाही. खरं तर चाललंही असतं. ते भांडं नाही, चूल आहे, एवढंच सांगायला हवं होतं. चुलीला कुणी रोज धूत नाही, आईलाही पटलं असतं. पण तेवढं बोलायचा कंटाळा आला. मी चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला आणि दाजींनी दोन दिवस चढवलेलं ते काळं खसाखसा घासून काढलं. वर नळीनं पाणी मारलं. खाली काळे ओघळ वाहिले आणि पत्रा रुपेरी दिसायला लागला. मला, खोटं कशाला बोलू, ते बरं दिसलं. ओलं तसंच झाकण लावून टाकलं. आईनं दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी आत केशरी झाक आली होती. मी तेलाचा हात फिरवला आणि विसरलो. असं चार वेळा झालं. दर वेळी धुणं, दर वेळी झाकण. मग परीक्षा आल्या, पेपर आले, आणि पिंपावर प्लास्टिकचा कागद बांधून मी ते सोडून दिलं. वर टाकीचं पाणी सांडायचं, खाली दमट. कागदाच्या आत काय चाललं होतं ते पाहायला मी गेलो नाही.

माघात आमच्या विभागप्रमुखांना जेवायला बोलावलं. ते पुण्याहून नवे बदलून आले होते, खाण्यापिण्याचे शौकीन. सोबत कॉलेजातले चौघे. त्यातले एक सर घर बांधत होते, त्यांना गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करून घ्यायच्या होत्या. रविवार दुपार. महिनाभर मी कॉलेजात 'माझा स्मोकर' 'माझा स्मोकर' करून सगळ्यांचे कान किटवले होते.

सकाळी पाहतो तर बाभळीचं लाकूड संपलेलं. घरात होत्या त्या कापसाच्या पऱ्हाट्या, भुरकन जळून जाणाऱ्या. मी दाजींना फोन केला. "दाजी, बाभळीची चार ढलपी पाठवता का कुणाबरोबर? पाहुणे यायलेत." जेवायला या असं म्हणालो नाही. त्यांना मी जेवायला बोलावलं नव्हतं, लाकडं मागितली होती. हे वाक्य लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

घाईत मी पिंप आतून नीट पाहिलंसुद्धा नाही. जाळी काढून बाहेर घासली, आत फडकं फिरवलं, पऱ्हाट्यांवर आच धरली आणि कोंबडीच्या तंगड्या लावून झाकण टाकलं. पाहुणे आले. झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या.

दाजी मागच्या फाटकातून आले. कुणाबरोबर पाठवायचं सोडून स्वतः मोटरसायकलवर पोतं बांधून मानवतहून आले होते. अंगात दुकानातला निळा सदरा, बाहीला ठिणग्यांची बारीक भोकं. पण पायांत नव्या चपला होत्या आणि केस ओले करून विंचरलेले. ते जेवायच्या तयारीनं आले होते. पोतं उतरवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीतूनच मान हलवली.

उठून, "सर, हे माझे दाजी," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मी मनात म्हणालो, हात धुऊन येतील, मग ओळख करून देऊ. मग म्हणालो, त्यांनी सदरा तरी बदलून यायचा. मग विभागप्रमुखांनी दिल्लीतल्या कुठल्या तरी परिषदेची गोष्ट सुरू केली, आणि मधेच त्यांना ठसका लागला तसे ते मागं वळून म्हणाले, "अहो, जरा पाणी आणता का?" दाजी तांब्या-पेला घेऊन आले. विभागप्रमुख पाणी प्याले. गोष्ट पुढं चालू झाली. मी हसण्याच्या जागी हसत होतो.

दोनच्या सुमारास मी सगळ्यांना पिंपाभोवती बोलावलं आणि मोठ्या थाटात झाकण वर केलं.

झाकणाच्या आतून गंजाचे लाल पापुद्रे सुटले आणि सगळ्या तंगड्यांवर पडले. मी घाबरून झाकण खाली आपटलं, त्यानं आणखी पडले. विभागप्रमुखांनी एक तुकडा चिमट्यानं उचलून उजेडात धरला.

"हे तिखट आहे की गंज?"

सगळे हसले. चांगले मोठ्यानं हसले. माझे कान तापले आणि मी तोंड उघडलं.

"काय सांगू सर! मानवतचा एक वेल्डर आहे, त्याच्याकडून करून घेतला. ह्या लोकांना काम म्हणजे नुसतं उरकायचं. भंगारातलं लोखंड मारलं असणार. आपण विश्वासानं जातो आणि हे लोक असं करतात."

दाजी पाच पावलांवर पोत्यातली ढलपी रचत होते. त्यांचा हात थांबला.

घर बांधणाऱ्या सरांचं लक्ष त्यांच्याकडं गेलं. "तुम्ही त्या वेल्डरकडचेच का?"

दाजींनी हातातलं ढलपं खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेतल्या पोराला उत्तर येत असतं आणि मास्तर त्याच्या तोंडाकडं पाहत थांबतो, तसं ते थांबले. मला वेळ देत होते. तो वेळ पुरेसा होता. मी वाकलो आणि जाळाच्या पेटीतली, मुळीच सरकवायची गरज नसलेली पऱ्हाटी सरकवू लागलो.

"व्हय साहेब," मागून दाजींचा आवाज आला. "दुकानातूनच आलोय. चूक आमचीच हाय. पत्रा हलका लागला."

"बरं झालं कळलं," घर बांधणारे सर मला हळूच म्हणाले. "मी गेटचं मानवतलाच बघणार होतो."

लाजेचं लोक म्हणतात की धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. मला त्या क्षणी हायसं वाटलं. सुटलो असं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती या हायसं वाटण्याचीच जास्त आली.

बायकोनं सावधपणानं तीन दगडांच्या चुलीवर रस्सा करून ठेवला होता. पाहुणे तो भाकरीबरोबर हाणून खाऊ लागले, दोघांनी बोटं चाटली. मागं दाजींनी पेटीतला जाळ बाहेर ओढला, तंगड्या काढून बाजूला ठेवल्या आणि पिंपात हात घातला. मी ताक आणायच्या निमित्तानं तिकडं गेलो. त्यांनी आतल्या पत्र्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. काथ्याचे बारीक ओरखडे, आडवे-उभे, आणि कोपऱ्यात वाळलेली राख.

"राखेनं घासलाव न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. मग पिंपाकडं बघत, हळू आवाजात, माझ्याकडं न वळता म्हणाले, "तारेचा ब्रश मारा. मग तेल अन् जाळ, तेल अन् जाळ. तीन डाव करा. सुधरतंय त्ये. पत्रा जाड हाय."

बायकोनं त्यांचं ताट वाढलं होतं. अंगणातच, चुलीच्या आडोशाला पाट मांडला होता. "दाजी, जेवून घ्या," ती दोनदा म्हणाली. गिऱ्हाईक थांबलंय म्हणाले. रविवारी मानवतचं दुकान बंद असतं, हे तिलाही माहीत होतं. ते मागच्याच फाटकातून गेले. मोटरसायकल ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि मग चालू केली, पाहुण्यांच्या बोलण्यात आवाज नको म्हणून.

पाहुणे गेल्यावर बायकोनं त्यांचं झाकलेलं ताट उचललं. "तुम्ही ताईंना तोंड कसं दाखवणार?" एवढंच विचारलं. आई आतून म्हणाली, "जावई आले व्हते का? मला भेटलेबी न्हाईत." दिवेलागण झाली, मला कुणी पिंप घासायला सांगितलं नाही.

सोमवारी पहिला तास सोडून मी एसटी स्टँडवर गेलो. मानवतला जायचं, दुकानात दाजींचे पाय धरायचे, आणि घरी जाऊन ताईपुढं सगळं कबूल करायचं, असं ठरवलं होतं. काय बोलायचं ते वाटेत रिक्षात पाठ केलं होतं. फलाटावर गाडी लागत होती तेवढ्यात फोन वाजला. ताई.

मी गर्दीतून बाजूला होऊन फोन कानाला लावला.

"अरे, हाईस का?" तिचा आवाज इतका मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "काल ह्यांनी घरी आल्या आल्या सगळं सांगितलं बग. तू त्यांना तुमच्या सायबांच्या शेजारी जेवायला बसवलंस म्हनं. ह्यांना पोटभर वाढलंस. सगळ्यांना सांगितलंस, हे माझे दाजी, हे यांनीच केलंय म्हनून. त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं न्हवतं रे मी. रात्री भूक न्हाई म्हणाले, तिकडंच लय जेवलो म्हनले." ती रडत होती की हसत होती ते कळेना. "आईबाबांनी कधी केलं न्हाई ते तू केलंस. मला वाटायचं, माझा भाऊ मोठा झाला, त्याला आमची लाज वाटत असंल. मी चुकले. लय बरं वाटलं, तुला कसं सांगू."

तिला खरं सांगावं तर तिचा नवरा तिच्यासाठी उपाशी राहून खोटं बोलला, हे तिला कळणार. आणि तिचा भाऊ काय करून बसला, तेही. मी स्वतःला सांगितलं की तिच्या सुखासाठी गप्प राहावं. इतकी सोयीची सबब मला आयुष्यात मिळाली नव्हती.

"अगं ताई," मी म्हणालो, "त्यात काय एवढं?"

"न्हाई रे, तसं न्हाई," ती म्हणाली. "तुझे उपकार हायेत."

मी ते ऐकून घेतलं. बरं म्हणालो. फोन ठेवला तेव्हा मानवतची गाडी भरली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून मला विचारत होता, "सर, यायलाव का?" मी नाही म्हणून मान हलवली आणि दुसरा तास घ्यायला कॉलेजात गेलो.